महिन्याला एकच पार्सल

४ नोव्हेंबर, मंगळवार

वामनराव वकील म्हणाले, ताई, केसमध्ये जे जे होईल ते तारखेसकट लिहून ठेवत जा, पुढं कामी येते. म्हणून ही डायरी. मी काम करते त्या लॅबमधली आहे, औषधाच्या कंपनीवाल्यानं वाटलेली. दर पानाखाली लिव्हरचं चित्र.

तर केसचं. मार्चमध्ये अकोल्यात एका वरातीत डीजेवरून भांडण झालं. गोपालनं एकाले ढकललं. तो माणूस मागं दगडावर पडला अन् दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मेला. गोपाल म्हणजे माझा नवरा. तेव्हापासून आत आहे. आधी अकोल्यात होता, मग अमरावतीले हलवला. झालं केसचं.

आता जे लिहायचं आहे ते केसमध्ये कामी येणार नाही.

आज मुलाकातीले गेली. पार्सल नेलं होतं. दोन बनियन, दोन चड्ड्या, टॉवेल, एक मेहंदी कलरचा शर्ट. खिडकीवरचा माणूस रजिस्टर पाहून म्हणे, "गोपाल गावंडे? याचं या महिन्याचं जमा झालं. महिन्याले एकच घेतो आमी."

"कोणी केलं जमा?"

"घरच्यांनी."

"घरची मीच आहे."

"मग तुमीच आणलं असंल ताई, आठवून पाहा."

मागच्या लाइनीतल्या बाया हसल्या. मी पिशवी घेऊन बाजूले झाली.

आत काचेच्या पलीकडं तो बसला. फोन उचलला. फोन उचलताना शर्ट वर सरकला अन् मले दिसलं. शर्ट आभाळी, चौकड्याचा. मी घेतलेला नाही. त्याच्याजवळ असा शर्ट कधी नव्हता. अन् खालच्या टोकाले, बटनाच्या बाजूले, हळदीचा टिपका. मधात लाल. बोट बुडवून टेकवल्यासारखा. पुरुषाच्या बोटाचा नव्हता, बारीक होता.

"शर्ट कोणाचा?"

"माह्याच."

"मी नाही घेतला."

"मिळते अवं इथं."

"जेलात चौकड्याचा शर्ट मिळते? कोणत्या दुकानात?"

"दामिनी, टाइम कमी हाये. तू जेवली का?"

"हळद कोणाची आहे?"

त्यानं खाली टोकाकडं पाह्यलं. मग शर्ट पँटीत खोचला. अन् हसला. जरासाच, खाली मान घालून. तसा तो माझ्याशी बोलताना हसते. आज हसताना माझ्याकडं पाह्यलं नाही.

बाकीचा टाइम आम्ही जेवणाबद्दल बोललो.


५ नोव्हेंबर

माझं पार्सल खुंटीले लटकवलं आहे. कामावरून आली की पहिले तेच दिसते.

आम्ही बौद्ध, बाबांच्या घरी हळद डब्यात राहते. कपड्यावर पडली तर डाग, लगेच साबण. पण वर्गातल्या मैत्रिणींच्या लग्नात मी गेली आहे, इतकी काही बावळट नाही. एकाची उष्टी हळद दुसरीले लावतात, हे मी डोळ्यांनी पाह्यलं. म्हणजे हळद पाठवणं म्हणजे काय, ते मले कोणी शिकवायची गरज नाही.

मोबाइलवर टाकून पाह्यलं, शर्टवर हळदीचा टिपका. सगळ्यांनी डाग कसा काढायचा तेच सांगितलं.

घरचे नाहीत, हे नक्की. त्याचं गाव पातूरकडं, मी कधी गेली नाही. आमचं कोर्ट म्यारेज झालं त्या दिवशी त्याच्या मायबापानं त्याच्या नावानं आंघोळ केली. चुलतभावानं फोन करून सांगितलं होतं. म्हणे माय तर डोक्यावरून न्हाली, लुगडं सुद्धा टाकून दिलं. मी त्या दोघायले पाह्यलं नाही, त्यायनं मले पाह्यलं नाही, अन् बरंच आहे. मेलेल्या पोराले कोणी चौकड्याचा शर्ट पाठवत नाही.

राहिली पौर्णिमा.

पौर्णिमा त्याच्याच गावची. माझ्याआधी तिच्याशी बोलणी झाली होती. नर्स आहे. आता अमरावतीले असते. अमरावतीले! म्हणजे मी अकोल्याहून उभ्यानं एसटीत जायचं अन् हिनं स्कूटीवर जाऊन जमा करायचं.


८ नोव्हेंबर, शनिवार

नंबर मिळाला. लॅबमध्ये तिच्या दवाखान्याचे सॅम्पल येतात. जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर जाऊन फोन लावला.

"मी दामिनी गावंडे. गोपालची बायको."

"कोन गोपाल? अच्छा, भगवंतराव काकाचा गोपाल? काय व, कसा हाये थो? ऐकलं मी. लय वाईट वाटलं."

"तुम्ही त्याले कपडे पाठवता का?"

ती हसायले लागली. मागं कोणीतरी लहान पोरगं रडत होतं, ते पण गप्प झालं.

"मी? त्याले? बापा! बाई, त्याच्यासंग लग्न केलं असतं तर मले जन्मभर त्याले भात कालवून द्या लागला असता. घोड्याएवढा झाला तरी त्याले कालवलेला भात लागे. वाचली मी."

अन् वरून म्हणते, "तू कालवून देते का?"

मी फोन ठेवला.

त्याले भात कालवून लागते हे हिले कसं माहीत? दोन वर्षं मी त्याच्यासोबत राह्यली, मले माहीत नाही. माझ्या हातचा तो आपल्या आपण कालवून खाते. म्हणजे हिनं कालवून दिला असंल कधीतरी. पाठवत नाही असं तिनं शेवटपर्यंत म्हटलं नाही, हसण्यावर नेलं.


१४ नोव्हेंबर

आज मुलाकातीचा दिवस होता. गेली नाही. बसू दे वाट पाहत. ज्यानं शर्ट दिला त्यानं तोंड पण दाखवावं.


१५ नोव्हेंबर

काल जायले पाहिजे होतं.


२० नोव्हेंबर, गुरुवार

जामीन झाला! नागपूरच्या हायकोर्टातून वामनरावांचा फोन आला तेव्हा मी एका काकांच्या लघवीच्या बाटलीवर नाव लिहून राहिली होती. बाटली पडता पडता वाचली.

मग वामनराव म्हणाले, "आता जामीनदार पाहा ताई. सात-बारावाला पाहिजे. स्वतःच्या नावानं वावर असलेला. भाड्याच्या खोलीवर जामीन मिळत नाही."

म्हटलं, "मग तो बाहेर कधी येईल?"

"जामीनदार मिळंल तेव्हा. मी त्याच्या गावी निरोप धाडतो. शेवटी रक्त आहे."

म्हटलं धाडा. रक्तानं काय होते ते मले माहीत आहे.


२३ नोव्हेंबर

बाबांले फोन केला. चांदूर रेल्वेले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले, वावर नाही, पण त्यायच्या ओळखी आहेत. फोन उचलल्यावर "धर्मपाल बोलतो" म्हणाले, जसा माझा नंबर त्यायच्याजवळ सेव्ह नाही.

सगळं ऐकून म्हणाले, "ज्याच्या घरी वावर आहे त्यायले सांग. त्यायनं तुले उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, अन् त्यायच्या पोरासाठी मी लोकायच्या पाया पडू?"

"बाबा, तो माझा नवरा आहे."

"असंल. पण तू गेली तवा विचारलं नाही. आता काहून विचारते?"

वामनरावांचा पण मेसेज आला. गावाहून भगवंतरावांचं उत्तर, आम्हाले पोरगा नाही.

बस. सगळे आपापल्या जागी पक्के. जामीन कागदावर, अन् गोपाल आत.

मले रोज वाटते की त्या हळदवालीजवळ नक्की वावर असंल. तिले जाऊन पाया पडू का? अन् मग तो तिच्या सात-बारावर सुटला की कोणाचा? सडू दे असं पण वाटते. सडू दे, पण माझ्या बनियनात.


२८ नोव्हेंबर, शुक्रवार

डोकं लावलं. महिन्याले एकच पार्सल घेतात. जो पहिले जाईल त्याचं. एक तारखेले सोमवार आहे, खिडकी उघडायच्या आत मी तिथं पाहिजे. पार्सल जमा करीन अन् समोरच्या झाडाखाली बसून राहीन. जिची पिशवी परत येईल ती ती.

लॅबमधून सुट्टी टाकली. कारण लिहिलं, घरगुती.


१ डिसेंबर, सोमवार

सगळं लिहिते.

सकाळची लाल गाडी. मी खिडकीजवळ बसली होती. गाडी सुटायच्या आधी एक बाई चढली, पातूरच्या गाडीतून उतरून पळत आलेली. साठीची असंल. हिरवं पातळ, खांद्यावर टॉवेल, हातात खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. आवाज असा की कंडक्टर दचकला. त्या भागातले सगळेच असे बोलतात, गोपाल पण फोनवर बोलला की गल्लीले ऐकू जाते.

"सरक व माय. पूरी शीट घेऊन बसली."

सरकली. तिनं माझ्याकडं, मग माझ्या पिशवीकडं पाह्यलं.

"जेलात चालली?"

"तुम्हाले कसं समजलं?"

"नवा टावेल हाये. दवाखान्यात जुना नेतात." मग म्हणे, "कोन हाये आत?"

"नवरा."

"काय केलं?"

"भांडण."

"माह्या पोराचंही भांडनच. दुसरं काय येते यायले? चोरी कराले अक्कल लागते."

मले हसू आलं. कितीतरी दिवसांनी. तिनं पिशवीतून ज्वारीची भाकर अन् ठेचा काढला. मी नको म्हटलं तर म्हणे, "खाय मुकाट्यानं. जेलात जानाऱ्यानं उपाशी जाऊ नये, तिथं उभं रायाले ताकद लागते." ठेचा असा झणका की बोरगाव जाईपर्यंत मी नाक पुसत होती.

म्हणे ती मुलाकातीले जात नाही. निस्ती पिशवी टाकते अन् परत येते.

"काहून?"

"तोंड पाह्यनार नाही म्हनलं होतं मी त्याचं. देवाजवळ म्हनलं. कपड्याचं काही म्हनलं नव्हतं."

मग तिनं सुनेचं काढलं. पोरगं चांगलं होतं, मायच्या धाकात होतं. त्या बाईनं नादी लावलं. लग्न करून शहरात खोली केली, एक डाव घरी आणलं नाही. "आता पाह्य, थे मुलाकातीलेही जात नाही म्हने. गावातला एक मानूस जेलात जाऊन आला, थो सांगत होता, पोरगं वाट पाहून राहिलं अन् कोनी आलंच नाही."

मी म्हटलं, "अशा बायाच असतात मावशी. नवरा आत गेला की पाठ फिरवतात."

खरंच म्हटलं मी असं. त्या सुनेले मनातून दोन शिव्या पण दिल्या.

तिले बरं वाटलं. माझ्या मांडीवर हात ठेवला. मग माझी पाळी. मी पण सगळं ओकलं. कोणीतरी बाई माझ्या नवऱ्याले लपून कपडे पाठवते, तो मले नाव सांगत नाही, आज तिले पकडायले चालली.

"असं! सापडली का मले आवाज दे. मी हात धरते, तू झिंज्या उपट."

"दोघीनं उपटू."

"हौ! कोनाच्या नवऱ्याले कपडे पाठवते रांड."

पुढच्या सीटवरचा माणूस वळून पाहायले लागला. ती त्याले म्हणे, "तुले नाही म्हनलं भाऊ, तू झोप."

मूर्तिजापूर गेलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"जामीन झाला हाये त्याचा," म्हणे. "वकिलाचा मानूस आला होता. घरधन्यानं हाकलून देला. पन माह्या नावानं माह्या बापानं देलेलं वावर हाये. मी अंगठा देला का पोरगं सुटते."

"मग द्या ना."

"अन् मंग? सुटलं का सिधं त्या बाईच्या खोलीवर जाईन. माह्या हाती काय राह्यते? आतमधी हाये तवर महिन्याले माह्या हातचं घालते तरी." ती खिडकीच्या बाहेर पाहत होती. वावरात कापूस वेचणाऱ्या बाया होत्या. "मीच नाही म्हनलं. तुले सांगते, कोनाले सांगू नको. तू काय करशीन माह्या जागी?"

मले त्या वेळी पौर्णिमा दिसत होती. स्कूटीवर. तिच्या नावचा सात-बारा, तिचा अंगठा, अन् गोपाल खाली मान घालून हसून राहिला.

मी म्हटलं, "नका देऊ मावशी. आत आहे तोवर तुमचा आहे. बाहेर आला की गेला."

"हौ ना?"

"हौ. राहू द्या."

तिनं मान हलवली. निश्चिंत झाली जशी. बडनेऱ्यापर्यंत डोळे मिटून बसली, तिचं डोकं माझ्या खांद्यावर.

जेलच्या गेटवर आम्ही बरोबरच पोचलो. खिडकी उघडायची होती. लाइनीत माझ्या मागं ती. पिशवी चाचपडत म्हणे, "अवं माय! मास्तरनं नाव लिवून देलं होतं, टाचलेला कागद पडला कुठीसा. नावाबिगर घेत नाहीत हे. तुले लिवता येते ना?"

माझ्याजवळ लॅबचा मार्कर होता. बाटल्यायवर लिहायचा. मी तिची पिशवी माझ्या पिशवीवर ठेवली, टोपण काढलं.

"बोला."

"गोपाल."

लिहिलं. गोपाल काय कमी असतात?

"भगवंतराव."

लिहिलं. हातानं लिहिलं, मी नाही.

"गावंडे."

मार्कर तिथंच टेकून राहिला. पोत्यावर काळा ठिपका मोठा मोठा होत गेला.

"काय झालं? शाई संपली?"

पिशवीच्या तोंडातून शर्टाचं टोक दिसत होतं. पांढरा शर्ट. हळदीचा टिपका, मधात कुंकू. मी बोट लावलं. वाळलेलं होतं.

"हे काय आहे?"

"हळद-कुंकू. नवं कापड हाये ना. तुमच्यात लावत नाहीत नव्या कापडाले?"

"नाही."

"मंग काय करता?"

"काही नाही. घालतो."

"असं कसं बापा." तिले खरंच नवल वाटलं.

मले बरं वाटायले पाहिजे होतं. पौर्णिमा नाही, कोणीच नाही, माय आहे. पण बरं वाटलं नाही. पौर्णिमाच्या झिंज्या उपटता आल्या असत्या. हिच्या कशा उपटू? अन् तो जो खाली पाहून हसला, ते हिच्यासाठी. मले सांगितलं नाही, कारण त्याले ते माझ्यासोबत वाटायचंच नव्हतं. मग आठवलं की बसमध्ये मी हिले काय सांगून बसली.

"गावंडे" पूर्ण केलं. पिशवी तिच्या हातात दिली. म्हटलं, "मावशी, अंगठा देऊन टाका."

"आताच तं नको म्हनली!"

"तवा मले नाव माहीत नव्हतं. तुमचा गोपाल अकोल्यात आमच्याच गल्लीत राहत होता."

"खरं?"

"त्याची बायको गेली सोडून."

माहीत नाही कसं तोंडातून निघालं. ती माझ्याकडं पाहतच राहिली. अन् तिचं तोंड असं उजळलं! कोणाचं घर मोडलं ऐकून इतका आनंद मी कधी पाह्यला नाही. माझं घर होतं ते.

"कोनासंग गेली?"

"एकटीच गेली."

"एकटी कशी जाईन? कोनी असंन."

"नाही. एकटीच."

"कशी होती व दिसाले?"

"बरी होती."

"काळी म्हनतात."

"सावळी."

"तुह्यावानी?"

"असंल माझ्यासारखीच."

"तू तं चांगली हायेस," म्हणे, अन् माझ्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "मंग सुटला का सिधा घरी येईन माह्या. नाही का? दुसरीकडं जागाच नाही त्याले."

"नाही जागा."

खिडकी उघडली. मी पुढं होती. मी बाजूले झाली, म्हटलं, जा मावशी तुम्ही. तिचं पार्सल घेतलं. माझं मी परत आणलं. यात मोठेपणा काही नाही. तिनं शर्ट द्यावा. मले माणूस पाहिजे.


४ डिसेंबर

वामनरावांचा फोन. "चमत्कार झाला ताई. त्याच्या आईनं येऊन अंगठा दिला. नवऱ्याले न विचारता. मी म्हटलं नव्हतं, रक्त आहे?"

म्हटलं, हौ.

त्यांले सांगितलं की माझं नाव तिच्यासमोर काढू नका.


८ डिसेंबर, सोमवार

हे मले आधी कसं सुचलं नाही? ती गेटवर त्याले घ्यायले जाईल. आता तोंड पाह्यनार. अन् पहिलं हेच सांगणार, बायको गेली तुही. मी दोन वेळा मुलाकातीले गेली नाही. एक वेळ शर्टाच्या रागानं, अन् मागच्या आठवड्यात त्याच्या डोळ्यात पाहायची हिंमत नव्हती म्हणून. त्याले खरंच वाटंल. त्याच्या कानात मी माझ्याच तोंडानं मेली.

वामनरावांचा ज्युनिअर कागद घेऊन जाणार आहे. त्याच्याजवळ निरोप देता येते. मी आहे, खोलीवर आहे, एवढंच.

फोन हातात घेतला, ठेवला. दोन डाव.

नाही देत. तो मायनं सांगितलेलं खरं मानते की मले ओळखते, पाहू दे एकदा. नाही आला तर मले समजंल. समजून काय करीन ते माहीत नाही.


१० डिसेंबर, बुधवार

आज सुटणार. लॅबमध्ये गेली नाही. खोली झाडली, पुसली. मग वाटलं इतकी चकचकीत खोली पाहून वाटंल वाट पाहत होती, म्हणून दोन कपडे इकडं तिकडं टाकले.

दुपारी ज्युनिअरचा मेसेज. सुटला. सोबत त्याची आई आहे.

संध्याकाळी शेवटची अमरावतीची गाडी आल्याचं शेजारच्या पोरीनं सांगितलं. तो नाही आला. पातूरची गाडी स्टँडवर त्याच टायमाले लागते.

भात केला होता. जेवली नाही.


११ डिसेंबर

आला.

हे मी आता लिहून राहिली, ते दोघं इथंच आहेत, म्हणून नीट लिहिणं होत नाही.

दुपारी दार वाजलं. उघडलं तर तो. बारीक झाला, दाढी. नवीन पांढरा शर्ट. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून पाह्यला, जशी मी आहे की नाही. मग म्हणे, "रात्रभर मायच्या घरी भांडलो. मी म्हनलं थे जाऊच शकत नाही. जायची असती तं मले सांगून, शिव्या देऊन गेली असती. माय म्हने दाखव. म्हनून घेऊनच आलो."

तो बाजूले झाला. मागं हिरवं पातळ.

तिनं मले पाह्यलं. मी तिले पाह्यलं. चपला काढता काढता ती तशीच थांबली, एक पाय चपलेत.

"आमच्याच गल्लीत राहत होता म्हने," ती म्हणाली.

"हीच गल्ली आहे."

"एकटीच गेली म्हने."

मी दार पूर्ण उघडलं.

"अन् झिंज्या? झिंज्या माह्याच उपटाले लावत होती मले?"

"तुम्हीच म्हणाल्या, हात धरते."

गोपाल एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं. "तुमी ओळखता एकमेकीले?"

ती आत आली. उंबरा ओलांडताना मले वाटलं आता थापड मारते. तिनं खोली पाह्यली, गॅस पाह्यला, डबे पाह्यले. म्हणे, "अंगठा खोट्यावर घेतला तू माह्या."

"हौ."

"खरं सांगतलं असतं तं देला नसता."

"माहीत आहे मले."

"मी बापाच्या वावरावर अंगठा देला अन् पोरगं रात्रभर तुह्याच नावानं बोंबलत होतं," म्हणे. ते म्हणताना तिचा आवाज बारीक झाला, अन् मले, खरं लिहिते, लय गोड वाटलं.

मी ताट वाढलं. भात, वरण. तो आपल्या हातानं कालवायले लागला तर तिनं ताट ओढून घेतलं अन् कालवून दिलं. त्यानं मुकाट्यानं खाल्लं. मान खाली. जरासा हसत. माझं गोड वाटणं तिथंच संपलं.

मग तो चटईवर आडवा झाला. जेलात सवय लागली असंल, हात डोळ्यावर ठेवून, पाय पोटाशी. डोळे मिटता मिटता म्हणे, "चहा ठेवा ना कोनी."

झोपला. लगेच.

त्याच्या उशाशी ती बसली आहे. पायाशी मी. गॅस पडद्याच्या मागं आहे, तिकडं गेलं की इकडचं दिसत नाही.

"पातूरची गाडी निघून जाईल तुमची," मी हळूच म्हटलं.

"जाऊ दे," म्हणे. "तुह्या कामावर जाचं नाही?"

"सुट्टी आहे."

"काय लिवून राहिली?"

"केसचं. वकिलानं सांगितलं."

"लिव," म्हणे, अन् त्याच्या कपाळावरची माशी हाकलली. ती माशी माझ्या बाजूले आली, मग मी हाकलली.

ऊन दारातून आत येऊन परत सरकलं. दोघीयले चहाची तलफ आहे, तिची मले दिसून राहिली, माझी तिले. दूध ओट्यावर तसंच उघडं आहे. कोणीतरी उठायले पाहिजे.

ती उठत नाही. मी उठत नाही.